किरकोळ चूक आणि कामगाराची रोजी

अमेरिकेत हिशेबातील एका लहानशा चुकीसाठी कर्मचाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवले, तर ते सहसा बेकायदा ठरत नाही. तेथे नोकरी सर्वसाधारणपणे मर्जीची असते. वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून भेदभाव झाला नसेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर मालक कारण वा पूर्वसूचना न देता नोकरी संपवू शकतो. अपवाद मोंटाना राज्याचा. तेथे 1987 च्या कायद्याने, उमेदवारीचा काळ संपल्यानंतर काढण्यासाठी योग्य कारण आवश्यक ठरवले आहे.

परंतु कायद्याने जे चालते, ते अल्लाहसमोरही चालेल काय?

सूरह अल-माइदाच्या आरंभीच ईमानधारकांना करार पाळण्याची आज्ञा आहे. फिकहमध्ये नोकरी हा 'इजारा' म्हणजे करारच होय. बहुसंख्य फुकहांच्या मते ठरावीक मुदतीचा इजारा एका पक्षाला मर्जीनुसार मोडता येत नाही. हनफी फिकहनुसार त्यासाठी खरा उज्र लागतो. महिन्याच्या बोलीवरची नोकरी महिनाअखेर थांबवता येते. मात्र केलेल्या कामाची मजुरी रोखता येत नाही. पगारी नोकराच्या हातून निष्काळजीपणा वा आगळीक नसताना वस्तू बिघडली, तर तिची भरपाईही त्याच्यावर येत नाही, कारण ती त्याच्या हाती अमानत असते.

हा झाला हक्काचा हिशेब. अखलाकची पायरी याहून वरची आहे. हजरत अनस (रजि.) लहान वयात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. लहान मुलाच्या हातून चुका होणारच. तरीही प्रेषितांनी (स.) आपल्याला कधी नाराजीचा शब्द ऐकवला नाही, अशी त्यांची साक्ष आहे.

म्हणून आपल्या दुकानातील पोऱ्या किंवा घरकाम करणारी बाई चुकली, तर काढण्यापूर्वी स्वतःला विचारा: हा निष्काळजीपणा होता की विसर? आधी समजावले होते काय? तिची मजुरी चुकती केली काय?

आणि नोकरी आपलीच गेली असेल, तर चूक प्रामाणिकपणे मान्य करा, हक्काचा पगार निःसंकोच मागा, पण सूडापोटी मालकाचे नुकसान करू नका. मालक हे केवळ निमित्त आहे. रज्जाक अल्लाह आहे.