बोस्टनच्या हिमवादळाने शिकवलेल्या सहा गोष्टी

६ आणि ७ फेब्रुवारी १९७८. बोस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला आणि त्या वादळात सुमारे १०० माणसं दगावली. मी तेव्हा बोस्टनलगतच्या गावात नोकरीला होतो. पुढचे कितीतरी हिवाळे तिथेच काढले, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली: वादळात काय होणार, ते बरंचसं वादळाआधीच ठरलेलं असतं.

१. निघायचं तर वेळेत, नाहीतर निघायचंच नाही. बर्फाचा अंदाज होता. पण सोमवारी सकाळी कण पडला नाही, म्हणून सगळे कामावर गेले. दुपारी बर्फाने जोर धरला आणि कचेऱ्या एकदम सुटल्या. रूट १२८ वर ३,००० हून जास्त मोटारी आणि सुमारे ५०० ट्रक जागच्या जागी गाडले गेले. अंदाज उशिरा खरा ठरला, म्हणून तो खोटा नव्हता.

२. अडकलेल्या गाडीत थंडीइतकीच धुराची भीती बाळगा. उबेसाठी लोकांनी इंजिन चालू ठेवलं आणि मागे बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १४ जण गाडीत बसल्याबसल्या गेले. माझ्या गाडीत तेव्हापासून फावडं असतं. आधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, एक काच बोटभर खाली घ्यायची, मग थोडा वेळच हीटर लावायचा.

३. तिथीही बघा. ७ तारखेला अमावास्या होती. उधाणाच्या भरतीला ईशान्येच्या वाऱ्याने रेटा दिला आणि रिव्हियर, हल, सिच्युएट इथे समुद्र घरांत शिरला. बोस्टनच्या भरतीचा तो उच्चांक थेट जानेवारी २०१८ मध्ये मोडला. कोकणात वाढल्यामुळे उधाण मला ठाऊक होतं. ते बर्फाला साथ देतं, हे तिथे पाहिलं.

४. वाचवायला येणाऱ्यांचाही जीव असतो. तटरक्षक दलाची बोट संकटात होती, म्हणून ग्लॉस्टरहून ‘कॅन डू’ ही पायलट बोट मदतीला निघाली. तिच्यावरचे पाचही जण परतले नाहीत. घरात थांबा म्हटल्यावर थांबणं, ही अशा माणसांविषयीची आपली जबाबदारी आहे.

५. बंदी मनापासून पाळा. गव्हर्नर मायकेल डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर येत आणि काय चालू, काय बंद ते नीट सांगत. खासगी वाहनांना बंदी होती. रस्ते मोकळे राहिले, म्हणूनच नॅशनल गार्डच्या जवानांना बर्फ उपसता आला.

६. शेजार आधीच जोडा. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या राहत. त्यांची गोळ्यांची बाटली तळाला आली होती. शेजारच्या मुलाला घेऊन, त्याची बर्फावरची घसरगाडी ओढत मी औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेलो. येताना दूध आणि बटाटेही आणले. तेव्हापासून दर ऑक्टोबरात मी शेजारच्या दारांवर जाऊन विचारतो: औषध कोणतं, किती दिवसांचं उरलंय, रात्री कुणाला बोलवायचं? तुम्हीही विचारा. बर्फ पडायला लागल्यावर हे विचारण्यात उशीर झालेला असतो.