अजिंठा पाहताना: क्रमांक आणि कालक्रम

अजिंठ्याच्या लेण्यांचे क्रमांक वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर ती ज्या ओळीने येतात त्या ओळीचे असून त्यांच्या काळाशी त्यांचा संबंध नाही. हे ठाऊक नसलेला प्रवासी पहिल्या लेण्यापासून पाहू लागतो आणि पाच-सहा शतके मागे-पुढे जात शेवटास पोहोचतो, तेव्हा त्याच्या मनात बुद्धमूर्ती आणि खांब यांची एक सरमिसळ तेवढी उरते. सर्वांत जुनी लेणी, म्हणजे 9 व 10 क्रमांकांची चैत्यगृहे (स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेली, कमानदार छताची लांबट दालने) आणि त्यांच्याजवळचे 12 व 13 क्रमांकांचे विहार (भिक्षूंची निवासस्थाने), ओळीच्या मध्यावर आहेत व ती इसवी सनापूर्वीच्या काळात मोडतात; उलट चित्रांसाठी गाजलेली 1, 2, 16 आणि 17 ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. म्हणून पायऱ्या चढून वर आल्यावर पहिल्या लेण्यासमोरची रांग सोडून थेट दहाव्यात जावे.

येथे येऊन निराश होणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: पुस्तकातली चित्रे अधिक स्पष्ट होती. ती खरी आहे, पण तिचे कारण भिंतीत जितके आहे तितकेच पाहणाऱ्याच्या घाईतही आहे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर वाळू दिल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती रंगविलेली आहेत, आणि असा गिलावा दमट हवेने सुटतो. 1920 नंतरच्या दोनेक वर्षांत निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे पक्के केले. त्या कामात वापरलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला व चित्रे काळवंडली. आता प्रकाश मंद ठेवतात व फ्लॅशला बंदी आहे. उन्हातून आत शिरलेल्या डोळ्यांना त्या अंधुकतेची सवय होण्यास काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात बहुतेक जथे बाहेर पडलेले असतात.

थांबणाऱ्याने एक गोष्ट ताडून पाहावी. षड्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथांपैकी सहा सुळ्यांच्या गजराजाची कथा, दहाव्या लेण्यात आहे आणि सतराव्यातही आहे: पूर्वजन्मीच्या मत्सराने पेटलेली राणी शिकारी पाठविते, गजराज स्वतःच सुळे कापून देतो, व ते पाहून राणी कोसळते. जुन्या चित्रात हा प्रसंग भिंतीवर लांब पट्ट्याने पुढे सरकतो. नव्यात गर्दी, खोली आणि छायाप्रकाश आलेला असतो. दहाव्यातील खांबांवरच्या बुद्धप्रतिमा मात्र पाचव्या शतकात भर घातलेल्या असल्याने त्यांवरून त्या लेण्याचा काळ ठरवू नये. याच लेण्यातील एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कोरलेले नाव व एप्रिल 1819 ही तारीख आहे. जमिनीवर तेव्हा राडारोडा साचलेला असल्याने ते आज डोक्याच्याही वर दिसते. नाव कोरण्याचा हा सोस त्याच्यापाशी थांबला नाही, हे इतर भिंती पाहताच कळते.

प्रवासाची आखणी करताना होणारी चूक साधी पण महागात पडणारी आहे. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते. शनिवार ते सोमवार अशा जोडसुट्टीत रविवारी वेरूळ उरकून सोमवारी अजिंठ्यास जाण्याचा बेत त्यामुळेच फसतो. छत्रपती संभाजीनगरहून येथवर सुमारे 100 किलोमीटर, तर जळगाव स्थानकाहून सुमारे 60 किलोमीटर अंतर आहे, म्हणून रेल्वेने येणाऱ्यास जळगाव जवळचे. खासगी वाहन फर्दापूर फाट्यावरच सोडून पुढे एसटीच्या बसने जावे लागते, व या अदलाबदलीला लागणारा वेळ कोणी धरीत नाही. चित्रे असलेल्या लेण्यांत जोडे काढावे लागत असल्याने बांधायच्या बुटांपेक्षा चपला सोयीच्या. चढणे कठीण वाटणाऱ्यांसाठी डोली मिळते.

दहाव्यापासून निघाल्यास 16 व 17 ओलांडून 19 आणि 26 या उत्तरकालीन चैत्यगृहांपाशी पोहोचता येते, जेथे स्तूपाच्याच दर्शनी भागावर बुद्धमूर्ती कोरलेली आढळते आणि दहाव्यातील साध्या स्तूपाशी तिची तुलना आपोआप होते. सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणाचे, म्हणजे बुद्धाच्या अखेरच्या शयनाचे विशाल शिल्प ओळीच्या पार टोकाशी असल्याने थकलेले पुष्कळजण ते सोडून देतात. त्यासाठी पायांत बळ राखावे. पहिले व दुसरे लेणे परतीच्या वाटेवरच लागते, व सकाळचे जथे तोवर बहुधा पुढे सरकलेले असल्याने पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या (हाती कमळ घेतलेल्या, बुद्धत्वाच्या वाटेवरील करुणामूर्तीच्या) चित्रासमोर थोडे थांबता येते.