पीसीओएस : संप्रेरक-अहवालाचे वाचन

आर्तवक्षयाच्या रुग्णेचा अहवाल येताच आपण एलएच-एफएसएच गुणोत्तर पाहतो. ते २ पेक्षा कमी असले तरी पीसीओएस नाही, असे ठरवू नये. २००३ च्या रॉटरडॅम निकषांत या गुणोत्तरास स्थान नाही. अनियमित पाळी, पुरुषसंप्रेरकांचे आधिक्य व सोनोग्राफीतील बहुपुटी बीजांडकोश यांपैकी किमान दोन लक्षणे हवीत. थायरॉईड, प्रोलॅक्टिन इत्यादींचे विकारही वगळावेत.

गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातील टेस्टोस्टेरॉन कमी दिसते. म्हणून रुग्णेने त्या घेतल्या आहेत काय, हे वैद्याने प्रथम विचारावे. औषधविक्रेत्यानेही तिला तशी आठवण द्यावी. अन्यथा दडलेला व्याधी ‘नाही’ ठरून चिकित्सा लांबते व दीर्घकाळ पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तरास धोका संभवतो. अहवालाआधी रुग्णपरीक्षण, हाच क्रम आम्हास श्रेयस्कर वाटतो.