गाडी सुरू केल्यावर इंजिन किती वेळ तापवायचे?



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा, बेणे सोडून इंजिनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गळीत हंगामात आपल्या भागात जे डिझेल जळते, त्यातले बरेचसे उभ्या गाडीत जळते आणि त्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात. शिवाय आता सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी मोटारही उभी असते. कित्येकांची मुले घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे नोकरीला आहेत, त्यांच्याकडेही गाड्या आल्या. हा विषय तिकडेच निघाला.

जानेवारीत मुलुंडला पुतण्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या आवारात दोन मोटारी नुसत्याच घरघरत होत्या. मालक वर चहा घेत होते आणि धूर तळमजल्याच्या खिडकीत शिरत होता. तिथल्या आजींनी उठून खिडकी लावून घेतली. पुतण्याला विचारले तर म्हणाला, "काका, सगळेच दहा मिनिटं तापवतात. इंजिनाचं आयुष्य वाढतं."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

त्याच्या बाबांना ते मीच सांगितले होते, आणि मला आमच्या मामांनी.

मामा घाटकोपरला असल्फ्यात राहायचे आणि टॅक्सी चालवायचे. गाडी प्रीमियर पद्मिनी, जवळच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १९८९-९० च्या सुमारास सुट्टीत आम्ही पोरे तिकडे जायचो. पहाटे मामा चोक ओढायचे, चावी मारायचे, इंजिन धडधडत धरले की चोक हळूहळू आत सारायचे. पाचेक मिनिटे गेल्याशिवाय गिअर टाकायचे नाहीत. टाकलाच तर गाडी चौकात हमखास बंद पडायची.

मामांचे काही चुकत नव्हते. त्या गाडीला कार्ब्युरेटर होता. त्यात हवेच्या ओढीने पेट्रोल खेचले जाते. इंजिन थंड असले की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबाथेंबाने नळीच्या भिंतींना चिकटते. म्हणून चोक लावून हवा कमी करायची, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण वाढते. ते किती वाढवायचे, हे चालकाच्या कानावर आणि हातावर अवलंबून.

२००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटरही गेला. मोटारसायकलींत मात्र तो २०२० पर्यंत सर्रास होता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आम्ही मात्र इंजिन तापवतोच आहोत.

आताच्या इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर असतो. गाडीतला छोटा संगणक त्यावरून थंड इंजिनाला जास्त पेट्रोल आपोआप देतो. म्हणजे चोकचे काम तोच करतो. पण हे जादा पेट्रोल सगळे जळत नाही. काही सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसल्याने उष्णता थोडीच निघते. त्यामुळे इंजिन थंडपणाच्या या अवस्थेत जास्त वेळ राहते. ज्या झिजेला आपण भितो, तीच आपण लांबवत असतो.

माझेच उदाहरण सांगतो. २०१२ साली पेट्रोलची पहिली मोटार घेतली. घर ते गट कार्यालय तीन किलोमीटर. मी रोज सकाळी दहा मिनिटे भक्तिभावाने इंजिन तापवायचो. काही महिन्यांनी गाडी ओढेना. मेस्त्रीने प्लग काढले तर काजळीने काळे. ऑइलची पट्टी माझ्या नाकापुढे धरून म्हणाला, "साहेब, वास घ्या." ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. ऑइल आणि प्लग बदलावे लागले. त्याचे पैसे आणि मेस्त्रीचे बोलणे, दोन्ही लक्षात राहिले.

मग किती थांबावे? इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो, म्हणजे पंपाने ऑइलचा दाब धरला. त्यापुढे अर्धा मिनिट पुरे. सीटबेल्ट लावेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मग निघायचे, पण पहिले चार-पाच किलोमीटर हळू. इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आत ठेवायचे. काटा वर आला म्हणून लगेच दामटायचे नाही, कारण तो पाण्याचे तापमान दाखवतो आणि ऑइल त्याच्या मागून तापते. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग आणि टायर तर उभ्या गाडीत तापतच नाहीत.

लडाखात पारा शून्याच्या खूप खाली गेल्यावर गोष्ट वेगळी. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. आपल्याकडे डिसेंबरात आठ-दहा अंश होते, तेव्हा एखादा मिनिट थांबा.

हे मी एका गट बैठकीत सांगितले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी अडवले. "आपल्या कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपनानंतर हळूहळू तापवतात ना? मग इंजिनाचे का नको?" प्रश्न बिनतोड होता. बॉयलरचे जाड ड्रम आणि विटांचे बांधकाम एकदम तापले तर तडा जाईल, म्हणून आच बेताने वाढवतात. पण बॉयलर जागचा हलत नाही, त्याला आग देऊनच तापवावे लागते. इंजिनाला बैलाचा दाखला जास्त लागू पडतो. सकाळी जुंपलेली जोडी कोणी लगेच भरल्या गाडीने चढाला घालत नाही. पण मानेवर जू ठेवून तासभर उभीही करत नाही. आधी सपाटीने चार पावले चालवतो.

ट्रॅक्टरलाही तेच. हीटरचा दिवा असेल तर तो विझल्यावर स्टार्टर मारा. एक-दोन मिनिटे मध्यम फेऱ्यांवर ठेवा, मग मोकळा ट्रॅक्टर चालवत ट्रॉलीपर्यंत न्या. डिझेल इंजिन नुसते उभे ठेवले तर फार गार चालते आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी नोझलवर बसते.

काट्यासमोरच्या रांगेत ट्रॅक्टर तास-तास चालू असतात, त्याचे कारण मात्र निराळे आहे. चालकाला विचारा, तो म्हणेल, "बंद केला तर परत लागायचा नाही." म्हणजे बॅटरी मेली आहे. मालक बॅटरीचे पैसे वाचवतो आणि डिझेलमध्ये घालवतो. तासाला लिटरभर धरा, रोज दोन तास, हंगाम १२० दिवसांचा. २४० लिटर झाले. एवढ्यात बॅटरी येऊन वर पैसे उरतील.

थांबायची खरी गरज असते ती गाडी बंद करताना. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोचे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि त्याच्या बेअरिंगला ऑइल इंजिनच पुरवते. चढावर भार ओढून आल्या आल्या चावी फिरवली की ऑइल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगवर जळून बसते. अशा वेळी एक-दोन मिनिटे मोकळे चालू द्या. आपल्याकडे उलटेच चालते. सकाळी दहा मिनिटे तापवतात आणि संध्याकाळी घरी पोचताच फटकन बंद करतात.

आणखी एक सांगायचे राहिले, आणि ते जिवाशी आहे. थंडी म्हणून शटर ओढून, बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. शेडला लागून गोठा किंवा झोपायची खोली असेल तर दुप्पट जपा.

माझा लिटरभराचा आकडा ज्यांना पटत नसेल, त्यांनी सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, ट्रॅक्टर एक तास जागेवर चालवावा आणि मापाने डिझेल पुन्हा काठोकाठ भरावे. जेवढे लागेल तो आकडा, ट्रॅक्टरचे अश्वशक्तीचे माप आणि किती वर्षांचा आहे, हे चिठ्ठीवर लिहून गट कार्यालयात द्यावे. पुढच्या अंकात छापू.