ओम्नीचं गॅस किट ईकोला चालेल का? (गुणोत्तराचा एक पाठ)



सहावीला 'गुणोत्तर व प्रमाण' शिकवताना आपण सगळेच लिंबू सरबताचं उदाहरण घेतो. यंदा मला त्याहून चांगलं उदाहरण पालकसभेत मिळालं. आमच्या लालबाग-परळ भागात टॅक्सी आणि स्कूल व्हॅन चालवणारे पालक बरेच आहेत. त्यातल्या एकांनी जुनी ओम्नी काढून सेकंडहँड ईको घेतली होती. गॅरेजवाला म्हणत होता, "ओम्नीचं सीएनजी किट काढून हिलाच बसवू, कॉम्प्युटर तोच चालतो, पैसे वाचतील." त्यांनी विचारलं, "बाई, खरंच चालतं का हो?" व्हॅनमध्ये आपलीच मुलं बसतात, त्यामुळे प्रश्न नुसता पैशांचा नव्हता.

आधी थोडं मागे जाऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तुम्हाला आठवत असतील. १०८९ सीसीचं इंजिन आणि कार्ब्युरेटर. पुढे त्या गॅसवर आल्या, तेव्हा त्यांत कॉम्प्युटर नव्हताच. मिक्सर बसवायचा, इंजिनाचा आवाज ऐकत स्क्रू फिरवायचा, की झालं! मेकॅनिकचा कान हाच कॉम्प्युटर. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र कंपनीचा कॉम्प्युटर आधीपासून असतो. कोणत्या क्षणी पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा, ते तो ठरवतो. गॅस किटचा कॉम्प्युटर वेगळा, बाहेरून आणून बसवलेला. त्याला इंजिनाचं स्वतःचं असं फारसं काही कळत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरने पेट्रोलसाठी सांगितलेला वेळ तो वाचतो, पेट्रोलचा इंजेक्टर बंद ठेवतो आणि त्या वेळेला एका संख्येने गुणून गॅसचा इंजेक्टर उघडतो. समजा पेट्रोलची वेळ ४ मिलिसेकंद आणि गुणक १.३, तर गॅस ५.२ मिलिसेकंद. हे गुणक एका तक्त्यात भरलेले असतात, अगदी आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे: एका बाजूला इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला पेट्रोलची वेळ. गॅसचा दाब आणि तापमान बघून तो त्यात थोडी दुरुस्तीही करतो.

गुणक लागतोच का? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो सीएनजीला सुमारे १७ किलो. शिवाय गॅसची नळी, दाब, इंजेक्टर सगळंच वेगळं. म्हणजे तो तक्ता एका विशिष्ट इंजिनाचा, एका विशिष्ट नोझलचा असतो.

आता ओम्नी आणि ईको. फळ्यावर लिहा: ओम्नी ७९६ सीसी, ३ सिलिंडर. ईको ११९६ सीसी, ४ सिलिंडर. (इथे सिलिंडर म्हणजे इंजिनातला, गॅसची टाकी नव्हे. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.) मुलं लगेच म्हणतात, "बाई, दीडपट गॅस लागेल!" एकूण विचार केला तर बरोबरच आहे. पण इंजेक्टर प्रत्येक सिलिंडरला वेगळा असतो, म्हणून भागाकार करायला लावा. ७९६ ÷ ३ म्हणजे सुमारे २६५ आणि ११९६ ÷ ४ म्हणजे २९९. दर सिलिंडरमागे ३४ सीसी जास्त, साधारण १३ टक्के. माझ्या मते या पाठातली सगळ्यात मोलाची जागा हीच. कशाला कशाने भागायचं हे कळलं, की गुणोत्तर कळलं.

मग काय करावं लागेल? चौथा इंजेक्टर तर हवाच. कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून सिलिंडरची संख्या बदलायची. नोझलचं भोक मोठ्या सिलिंडरच्या मापाचं करायचं. "भोक तेच ठेवू, वेळ वाढवू" असं कुणी म्हणेल. इथे दुसरं गणित येतं. ३००० फेऱ्यांना सेकंदाला ५० फेऱ्या होतात. दोन फेऱ्यांत इंजिनाचं एक चक्र, म्हणजे ४० मिलिसेकंद मिळतात. ६००० फेऱ्यांना फक्त २०. वेळ वाढवत गेलात तर ती पुरतच नाही! परळचा पूल चढताना गाडीला गॅस कमी पडतो, इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळायची भीती असते.

शेवटी तक्ता नव्याने भरायचा. इंजिन गरम करून आधी पेट्रोलवर वेळ बघायची, मग गॅसवर. गॅसवर असतानाही कंपनीचा कॉम्प्युटर पेट्रोलची तीच वेळ मागत राहिला, तर गुणक बरोबर. जास्त मागू लागला तर त्याला गॅस कमी वाटतोय, म्हणजे गुणक वाढवायचा. उभ्या गाडीत जुळलं तरी रस्त्यावर चालवून पुन्हा बघावं लागतं.

हे सगळं ऐकून त्या वडिलांनी विचारलं, "एवढं केलं तर चालेल ना?" यंत्र म्हणून चालेल. कायद्याने मात्र किट त्या गाडीसाठी मंजूर असावं लागतं आणि आरसीवर नोंद लागते. आमच्याकडे त्यासाठी ताडदेव आरटीओ. गॅसच्या टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी, ती वेगळीच. त्यांनी शेवटी ईकोसाठी मंजूर असलेलं किट घेतलं, हप्त्याने.

घरी सोडवायला: इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना एका चक्राला किती मिलिसेकंद मिळतील? गुणक १.३ असेल आणि पेट्रोलची वेळ १० मिलिसेकंद असेल, तर त्यातले किती गॅसला लागतील? पालकांनी उत्तर सांगू नये, फक्त "एका सेकंदात फेऱ्या किती?" एवढंच विचारावं.