वखारीच्या कुलपाची निगा

पावसाळ्यात वखारीचे कुलूप अडले की आपले व्यापारी बंधू त्यात गोडे तेल ओततात. ही मोठी चूक होय. खाद्य तेल कालांतराने चिकटते, त्यावर धान्याची धूळ बसते व आतील तरफा रुततात. त्याऐवजी मऊ शिसपेन्सिलीची पूड किल्लीस लावून ती अनेकदा फिरवावी.

दारात बसविलेले कुलूप लागेनासे झाले, तर दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहावी. ती सहज फिरल्यास दोष बहुधा कुलपात नसतो. बिजागरी सैल होऊन दार खचलेले असते. हे न पाहता एकदा मी नवे कुलूप बसविले. तेही लागेना; रात्र पोत्यांवर बसून काढली. सकाळी सुताराने बिजागरीचे स्क्रू आवळताच कुलूप लागले!

किल्लीच्या छिद्रावर झाकण अवश्य असावे. कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते. मग तार घालावी तर जीवहिंसा, न घालावी तर गिऱ्हाईक दारात उभे.