नक्कल कशाची करावी?

आपल्या गॅरेजमधले जेरीकॅन सर्वांनी पाहिले आहेत. हा कॅन मूळचा जर्मन, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सैन्यासाठी बनवलेला. त्यात वीस लिटर पेट्रोल मावते. पत्र्याचे दोन भाग दाबून घडवायचे आणि मधोमध वेल्डिंग करायचे, अशी त्याची रचना. वर दांडे तीन. भरलेला कॅन दोघांना मिळून धरता येतो, आणि रिकामे असले तर एक जवान एका हातात दोन नेतो.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळत. हाती लागलेले जर्मन कॅन त्यांनी वापरले आणि पुढे हुबेहूब तसेच बनवले. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून जेरीकॅन. अमेरिकनांनीही नक्कल केली. आकार आणि तीन दांडे तेच ठेवले. पण वेल्डिंगऐवजी कडा दुमडून जोडल्या. झाकणाला पाना आणि ओतायला नरसाळे लागू लागले. कॅन दिसायला तोच, करामत मात्र राहून गेली.

हे वाचताना मला माझीच फजिती आठवली. नववीत रात्रीच्या नॅव्हिगेशनला मी आमच्या टोळीचा पाऊल-मोजणीस होतो. शंभर मीटरला आपली किती पावले पडतात, हे प्रत्येकाने आधी मैदानावर चालून काढायचे होते. मी कंटाळा केला. उंच मित्राच्या वहीतून १२५ हा आकडा उतरवला. पहिला टप्पा ८०० मीटरचा. मी इमानदारीने १००० पावले मोजली, “थांबा, वळा” म्हटले आणि सगळे काटेरी झुडपांत शिरलो. कंपास बरोबर होता, बेअरिंगही बरोबर होते. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला मैदानावर चालायला लावले. माझी पावले भरली १४५! म्हणजे आदल्या रात्री आम्ही सुमारे ११० मीटर आधीच वळलो होतो. माझ्या आळसापायी सात जणांचे हातपाय ओरबाडले होते. कुणी मला बोलले नाही, तेच जास्त लागले.

मित्राचा आकडा त्याच्या पायांसाठी खरा होता. त्याच्याकडून घ्यायला हवी होती ती आकडा काढायची रीत. ड्रिल, सॅल्यूट, रायफल धरणे, हे सारे आपण उस्तादांना बघूनच शिकतो, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त उचलण्याआधी विचारावे: हे असेच का?

ज्युनियर कॅडेट्सनो, माझी वही कधी हाती लागली, तर १४५ उतरवू नका. मैदानावर जा आणि चालून बघा.